मेडिसीन वॉर्डातली पहिली पोस्टिंग: नागपूरच्या उन्हाळ्यात नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना हे यायलाच हवं

मेडिकल असो, मेयो असो (ही नागपूरची दोन मोठी सरकारी रुग्णालयं) की धंतोली-रामदासपेठेतलं एखादं खासगी रुग्णालय, एएनएम-जीएनएम या नर्सिंग अभ्यासक्रमांच्या मुलामुलींच्या हाती पहिल्या दिवशी टीपीआरचा (तापमान, नाडी, श्वास) चार्टच येतो. सर्वांत जास्त खोटे आकडेही त्याच चार्टवर असतात. कुठल्याही वॉर्डातला चार्ट उघडून श्वासाचा रकाना बघा: २०, २०, २०, २०. पन्नास पेशंट एकाच लयीत श्वास घेत नसतात. तो रकाना कोणी मोजून भरलेला नसतो.

खरं तर पेशंट बिघडायला लागला की श्वास बऱ्याचदा बीपीच्या आधी बदलतो. म्हणून श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा आणि पेशंटला न सांगता मोजायचा. "काका, आता श्वास मोजते" असं म्हटलं की काका लगेच दीर्घ श्वास घ्यायला लागतात. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडू नका, नजर छातीवर किंवा पोटावर ठेवा आणि पुढचं मिनिट श्वास मोजा. प्रौढ माणसात १२ ते २० ठीक. २५ किंवा त्याहून जास्त आला तर बाकीचे पेशंट करून मग सांगू असं म्हणायचं नाही, तेव्हाच सिस्टरना सांगायचं.

नाडी नियमित असेल तर अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलेली चालते. ठोके चुकत असतील तर पूर्ण मिनिट मोजा, शिवाय स्टेथोस्कोप छातीवर ठेवूनही मोजा. छातीवर ११० आणि मनगटावर ८६ आले तर दोन्ही आकडे लिहा, तो फरकच डॉक्टरांना हवा असतो.

काखेतलं तापमान तोंडातल्यापेक्षा साधारण १ अंश फॅरनहाइटने कमी येतं. काख आधी कोरडी पुसा, थर्मामीटरचं टोक अगदी खोलगटात बसवा आणि चार्टवर "काख" असं लिहा. एप्रिल-मे महिन्यात घामाने ओल्या काखेतलं तापमान हमखास कमी दाखवतं.

ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश काढा, बोटांवर गडद मेंदी असेल तर दुसरं बोट निवडा, हात गार असेल तर चोळून गरम करा. पडद्यावरची नाडी आणि तुम्ही मोजलेली नाडी जुळत नसेल तर ऑक्सिजनचा आकडाही भरवशाचा नाही. बहुतेकांचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९५ टक्के किंवा वर हवं. जुन्या सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या दीर्घ आजाराच्या) पेशंटला मात्र डॉक्टर सहसा ८८ ते ९२ इतकंच ठेवायला सांगतात. तिथे "कमी आहे" म्हणून आपल्या मनाने ऑक्सिजन वाढवू नका, अशा पेशंटला जास्त ऑक्सिजनने गुंगी येऊ शकते.

बीपी

पेशंट जिना चढून आला असेल, लघवी तुंबली असेल किंवा बोलत असेल तर बीपी जास्त येतं. पाच मिनिटं शांत बसू द्या. हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला हवा. लोंबकळलेल्या हाताचं बीपी जास्त दाखवतं. कफच्या (दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याच्या) आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या ४० टक्के आणि लांबी ८० टक्के असावी. वॉर्डात बहुधा एकच कफ असतो, त्यामुळे जाड दंडाला तो अपुरा पडतो आणि बीपी खोटं जास्त येतं. सडपातळ आजीला तोच कफ मोठा होतो आणि बीपी कमी दाखवतो.

आधी मनगटाची नाडी चाचपत फुगवा. नाडी लागेनाशी झाली की आणखी ३० मिमी वर न्या, मग स्टेथोस्कोप लावून सेकंदाला साधारण २ मिमी या वेगाने हवा सोडा. हाताने चाचपण्याची ही पायरी गाळली तर काही जुन्या बीपीवाल्यांत मधले आवाज गायब असल्यामुळे १९० चं सिस्टॉलिक (वरचं बीपी) १५० म्हणून लिहिलं जातं. डायलिसिससाठी फिस्टुला (शीर आणि धमनीची जोडणी) केलेल्या हातावर बीपी घ्यायचं नाही, सुईही टोचायची नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हातही टाळा.

सलाईनचे थेंब

आयव्ही सेटच्या वेष्टनावर एका मिलीलीटरला किती थेंब ते छापलेलं असतं. आपल्याकडचे साधे सेट बहुतेक २० थेंबांचे, मायक्रो सेट ६० थेंबांचे. तरी वेष्टन फेकण्याआधी वाचा. हिशोब असा: एकूण मिली गुणिले थेंबांचा आकडा, भागिले एकूण मिनिटं. ५०० मिली ४ तासांत द्यायचं, सेट २० चा, तर १०,००० भागिले २४०, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. तीच बाटली ८ तासांत द्यायची तर २१ थेंब. १०० मिलीची अँटिबायोटिकची बाटली अर्ध्या तासात द्यायची तर ६७.

थेंब एकदा लावले की तसेच राहतात हा भ्रम आहे. पेशंटने कोपर दुमडलं, पलंग खालीवर झाला, नातेवाइकाने "सलाईन हळू चालू आहे" म्हणून चाक फिरवलं की सगळं बदलतं. यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे. बाटलीवर उभी चिकटपट्टी लावा आणि तिच्यावर वेळा लिहा. सकाळी १० वाजता ५०० मिली सुरू केलं आणि ४ तासांत संपवायचं असेल तर ३७५ च्या खुणेशी ११, २५० शी १२, १२५ शी १. येताजाता नजर टाकली तरी सलाईन पुढे आहे की मागे ते कळतं. मागे पडली म्हणून चाक पूर्ण उघडून भरपाई करू नका. हृदय किंवा किडनीच्या पेशंटला तेवढ्यानेच दम लागू शकतो. आडवं झोपवत नाही, खोकला सुरू झाला, श्वास वाढला अशी लक्षणं दिसली तर सलाईन अगदी हळू करा, डोकं उंच करा आणि हाक मारा.

सलाईन आऊट झाली, म्हणजे शिरेबाहेर गेली, तर जागा फुगते आणि गार लागते. शीर सुजली असेल तर जागा लाल, गरम आणि दुखरी असते. दोन्ही वेळा कॅथ (शिरेतली प्लॅस्टिकची नळी) काढायचा आणि दुसरीकडे लावायचा. सुजलेल्या शिरेत "थोडं प्रेशर देऊन बघू" हा प्रकार नको. कॅथच्या रंगांचा गोंधळ होतो म्हणून: हिरवा १८, गुलाबी २०, निळा २२, पिवळा २४. आकडा वाढला की सुई बारीक. मोठ्या माणसाला रक्त द्यायचं असेल तर शक्यतो हिरवा किंवा गुलाबी.

थेंब पडत नाहीत म्हणून प्लॅस्टिकच्या बाटलीला वरून सुई टोचून हवा द्यायची सवय अनेक वॉर्डांत आहे. तिथून जंतू आत जातात. हवेची सोय असलेला सेट मागा.

औषध मिसळण्याआधी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सेफ्ट्रिअॅक्सोन हे अँटिबायोटिक आणि रिंगर लॅक्टेट हे सलाईन एका लाइनीत नको, कॅल्शियममुळे साका बसतो. फेनिटॉइन (फिटचं औषध) डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे साखरेच्या सलाईनमध्ये, नको, फक्त नॉर्मल सलाईनमध्ये. आणि पोटॅशियम क्लोराइडचा अँप्यूल, सहसा १० मिलीत २० मिलिइक्विव्हॅलंट, थेट शिरेत कधीच, कुणीही सांगितलं तरी द्यायचा नाही. हृदय बंद पडतं. तो नेहमी मोठ्या बाटलीत मिसळून, बाटली उलटसुलट हलवून, ठरलेल्या वेगानेच जातो. लटकत्या बाटलीत पोटॅशियम टोचलं तर ते तळाशी साचतं आणि पेशंटला पहिल्या काही मिनिटांतच सगळं जातं.

इन्सुलिन: इथे घाई नको

विद्यार्थ्यांच्या हातून सर्वांत धोक्याची चूक होऊ शकते ती इथे, आणि ती सिरिंजच्या टोपीच्या रंगात दडलेली आहे. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदीत मिळतं: एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १०० युनिट. वॉर्डातल्या बाटल्या बहुधा ४० च्या असतात, पेनची कार्ट्रिज १०० ची. ४० साठी लाल टोपीची सिरिंज, १०० साठी नारिंगी टोपीची.

आता बघा काय होतं. १०० ची बाटली आणि हातात लाल टोपीची सिरिंज. २० च्या रेषेपर्यंत भरलं, म्हणजे अर्धा मिली. अर्ध्या मिलीत या बाटलीतून ५० युनिट गेले. अडीचपट डोस. उलट ४० ची बाटली आणि नारिंगी सिरिंज घेतली तर २० ची रेषा म्हणजे ०.२ मिली, पेशंटला मिळाले फक्त ८ युनिट, आणि मग "साखर काही उतरत नाही" म्हणून डोस वाढत जातो. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दोन्ही मोठ्याने वाचा, दुसऱ्या व्यक्तीला दाखवा, मगच भरा. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन ओढायचं नाही. लिहिताना "युनिट" हा शब्द पूर्ण लिहा. इंग्रजी यू हे अक्षर आकड्याला चिकटलं की शून्यासारखं दिसतं, आणि १० चे १०० होतात.

पारदर्शक आणि दुधाळ इन्सुलिन एकाच सिरिंजमध्ये घ्यायचं असेल तर क्रम ठरलेला आहे. दुधाळ बाटली तळव्यांमध्ये हलकी फिरवा, खदाखदा हलवू नका. दुधाळ बाटलीत तिच्या डोसइतकी हवा भरा, औषध न घेता सुई काढा. पारदर्शक बाटलीत हवा भरा आणि तिचा डोस ओढा. मग दुधाळ बाटलीतून उरलेला. उलट केलं तर दुधाळ थेंब पारदर्शक बाटलीत जातात आणि अख्खी बाटली बिघडते. ग्लार्जिन (दिवसभर पुरणारं इन्सुलिन) कशातच मिसळायचं नाही. ते पारदर्शक दिसतं, म्हणून फसगत होते.

टोचायची जागा: बेंबीपासून दोन इंच सोडून पोट. दर वेळी आधीच्या जागेपासून बोटभर अंतर ठेवा. हाताला गाठी लागत असतील तिथे टोचू नका. तिथे दुखत कमी असल्यामुळे पेशंट स्वतः "इथंच द्या" म्हणतात, पण औषध कधी भिनतं कधी नाही. पेन असेल तर आधी २ युनिट हवेत सोडून बघा आणि टोचल्यावर बटण दाबून दहापर्यंत मोजा. नंतर जागा चोळायची नाही.

रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास. म्हणून टोचण्याआधी "मावशी, डबा आला का?" हे विचारणं औषधाचाच भाग समजा. सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवलेल्या पेशंटला नेहमीचा डोस न विचारता गेला की साखर कोसळते.

साखर तपासण्याचंही तंत्र आहे. नागपुरात हे सांगायलाच हवं: संत्रं सोललेल्या बोटावर फळाची साखर चिकटलेली असते आणि १४० चे २५० सहज येतात. त्यावर इन्सुलिन दिलं तर पुढचं सांगायला नको. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करा. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून साखर नीट जात नाही, आणि ओल्या स्पिरिटनेही आकडा चुकतो. बोटाच्या टोकावर मधोमध टोचण्यापेक्षा कडेला टोचा, तिथे कमी दुखतं. बोट पिळपिळून काढलेल्या थेंबात पेशींच्या मधलं पाणी मिसळतं.

साखर ७० च्या खाली म्हणजे हायपो. घाम, थरथर, धडधड, अचानक भूक, चिडचिड. पेशंट म्हणेल, "बाई, हातपाय थरथरून रायले, जीव घाबरून रायला." मे महिन्यात घाम बघून "उन्हाचं आहे" म्हणून पुढे जाणं सोपं असतं. तसं करू नका, आधी बोट टोचा. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे चहाचे सपाट तीन चमचे, पाण्यात घोळून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा द्या, सावरल्यावर काही तरी खायला द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, नातेवाईक साखर घालत असतील तर थांबवा. कुशीवर वळवा, हाक मारा, २५ टक्के डेक्स्ट्रोज आणि चालू शीर तयार ठेवा. हे डेक्स्ट्रोज शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते, म्हणून आधी सलाईनने शीर तपासायची. ग्लिमेपिराइडसारख्या डायबेटिसच्या गोळ्यांनी झालेला हायपो काही तासांनी परत येतो. एकदा १२० आले म्हणून तपासणी थांबवू नका.

बाटली उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहा. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे चालते, पण खोलीचं तापमान २५ ते ३० अंशांच्या आत असेल तरच. उन्हाळ्यातल्या नागपुरात ते शक्य नाही, फ्रिजच्या दारात ठेवा, फ्रीजरमध्ये नको. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकायचं. ज्यांच्या घरी फ्रिज नाही त्यांना डिस्चार्जच्या वेळी सांगा: बाटली प्लॅस्टिकच्या बंद डबीत घालून पाण्याने ओल्या ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, सावलीत.

ऊन लागलेला पेशंट

कातडी तापलेली, बडबड किंवा गुंगी, आणि आतलं तापमान १०४ फॅरनहाइटच्या वर: हा उष्माघात. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं समजू नका. उन्हात राबणाऱ्या मजुराला घाम फुटलेला असतानाही तो होतो. काखेतलं तापमान इथे फसवतं, गुदद्वारातून घ्या.

कपडे काढा. अंगभर साध्या पाण्याचा फवारा मारा आणि वर पंखा लावा. अंग ओलं आणि वारा चालू, दोन्ही सतत हवं. बर्फाच्या पिशव्या मानेला, काखेत, जांघेत, कापडात गुंडाळून. पॅरासिटॅमॉलचा उपयोग नाही, कारण हा ताप जंतूंचा नाही, आणि यकृतावर आधीच ताण असतो. तापमान दर ५ ते १० मिनिटांनी घ्या आणि १०१ ते १०२ ला आलं की गार करणं थांबवा, नाही तर ते खाली घसरत राहतं. साखर तपासा. लघवी चहाच्या रंगाची दिसली तर ताबडतोब कळवा, स्नायू विरघळायला लागल्याची ती खूण असते. नातेवाईक तळपायाला कांदा चोळत असतील तर भांडत बसू नका, त्यांच्या हाती पुठ्ठा द्या आणि वारा घालायला लावा.

सिकलसेल आणि रक्त

विदर्भात सिकलसेलचे (रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकण्याच्या आनुवंशिक आजाराचे) पेशंट वॉर्डात असणारच. त्यांच्या दुखण्यावर बर्फ लावायचा नाही, थंडीने पेशी आणखी अडकतात. ऊब द्या, पाणी भरपूर पाजा, वेदनेचं औषध ठरल्या वेळी द्या. "सारखं इंजेक्शन मागतो" हा शेरा वॉर्डात ऐकू येतो. वेदनेचा आकडा पेशंटच सांगणार, तोच लिहायचा. ताप, छातीत दुखणं आणि घसरतं सॅच्युरेशन एकत्र दिसलं तर एक मिनिटही थांबू नका. लहान मूल अचानक पांढरंफटक पडलं आणि पोट फुगलं तर प्लीहा वाढलेली असू शकते, तीही तातडीची बाब आहे.

रक्ताची पिशवी फ्रिजमधून निघाली की ३० मिनिटांत सुरू आणि ४ तासांत पूर्ण. पेशंटला नाव "तुम्ही रामभाऊ ना?" असं विचारू नका. गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारा, मग पिशवी, फॉर्म आणि केसपेपर दोघांनी मिळून जुळवा. त्याच लाइनीत फक्त नॉर्मल सलाईन, डेक्स्ट्रोज किंवा रिंगर नाही. पिशवी गरम पाण्यात बुडवायची नाही. पहिली १५ मिनिटं हळू सोडा आणि पलंगाजवळच राहा, कारण चुकीच्या गटाचं रक्त असेल तर त्रास बहुधा तेव्हाच सुरू होतो. थंडी वाजणं, कंबर दुखणं, छाती भरणं, अंगावर पित्त उठणं यांपैकी काहीही झालं तर आधी रक्त बंद करा, नव्या सेटने सलाईन चालू ठेवा, पिशवी जपून ठेवा, कळवा.

लघवी

तासाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे अर्धा मिली ही किमान मर्यादा. ६० किलोच्या माणसाला ३० मिली. सलग दोन तास त्याहून कमी असेल तर सांगा, पण आधी लघवीची नळी दुमडलेली किंवा पेशंटच्या मांडीखाली दबलेली नाही ना ते बघा. ताक, वरण, चहा सगळं आत गेलेल्यात मोजा. युरोबॅग (लघवीची पिशवी) मूत्राशयापेक्षा खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको.

सुई

टोपी परत लावायची नाही. सुई पांढऱ्या टणक डब्यात, सेटची नळी लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्यात, काचेचा अँप्यूल निळ्यात. तरी टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, बोट तोंडात घालू नका, लगेच कळवा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो २ तासांत आणि ७२ तासांच्या आतच सुरू करायचं असतं. रागावतील म्हणून लपवण्यात ते तास जातात.

सांगायचं कसं

"सर, पेशंट बरा वाटत नाही" एवढ्यावर रात्री दोनला कोणी उठून येत नाही. विद्यार्थ्याने आधी ड्यूटीवरच्या सिस्टरना सांगायचं, आणि सांगायचं असं: "सिस्टर, बेड १४. न्यूमोनियासाठी काल भरती, डायबेटिस आहे. सकाळी श्वास १८ होता, आता २८. सॅच्युरेशन ९५ वरून ८९. बीपी ९६/६०, साखर १६२. डोकं उंच केलंय. तुम्ही आत्ता बघता का?" कोण, का भरती, आधी काय, आता काय, काय केलं, काय हवं. आधीचा आकडा सांगितला नाही तर नुसत्या २८ ला वजन येत नाही.

फोनवर औषध सांगितलं गेलं तर ते सिस्टरच घेतात, विद्यार्थी नाही. पण तुम्ही शेजारी असाल तर ऐका: त्या औषधाचं नाव, डोस आणि मार्ग परत म्हणून दाखवतात, आणि "फिफ्टीन" ऐकू आलं तर "वन फाइव्ह?" असं विचारून घेतात, कारण फोनवर पंधराचे पन्नास व्हायला वेळ लागत नाही. केसपेपरवर त्याच क्षणाची वेळ पडते, आणि डॉक्टर आल्यावर त्याखाली त्यांची सही घेतली जाते.